हुकूमशाहीत सत्ता बदलते तेव्हा आत नक्की काय होतं?

१ मार्च १९५३, रविवार. मॉस्कोजवळच्या कुंत्सेवोच्या बंगल्यात सोव्हिएत हुकूमशहा स्टालिनच्या खोलीतून सकाळपासून काहीच आवाज नाही. आदल्या रात्री बेरिया, मालेन्कोव्ह, ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन हे त्याचे जवळचे सहकारी जेवायला होते आणि पहाटेपर्यंत बसले होते, त्यामुळे तो उशिरा उठणार हे पहारेकऱ्यांना माहीत होतं, पण दुपार गेली, संध्याकाळ झाली, मग खोलीत दिवा लागला म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यानंतर परत शांतता. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही हा तिथला नियम, आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. शेवटी रात्री उशिरा टपाल द्यायचं निमित्त करून एकजण आत गेला, तर स्टालिन जमिनीवर पडलेला, कपडे ओले झालेले, बोलता येत नाही. पहारेकऱ्यांनीच नंतर सांगितलेली हकीकत आहे ही.

मग फोनाफोनी. बेरिया आणि मालेन्कोव्ह रात्री येऊन बघून गेले, तो झोपलाय असं म्हणाले. डॉक्टर आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तेही थरथरत, कारण त्याच सुमाराला सरकारने 'डॉक्टरांचा कट' म्हणून एक प्रकरण उभं केलं होतं आणि स्टालिनला वर्षानुवर्षं तपासणारे विनोग्रादोव्ह स्वतःच तुरुंगात होते. ५ मार्चला संध्याकाळी आठ वाजता क्रेमलिनमध्ये मोठी बैठक भरली, त्यात कोण पंतप्रधान, कोणाकडे कुठलं खातं हे सगळं ठरलं. बैठक तासाच्या आत संपली. स्टालिन मेला रात्री नऊ वाजून पन्नास मिनिटांनी. म्हणजे माणूस अजून श्वास घेतोय आणि त्याच्या पदांची वाटणी होऊन गेली.

मला या विषयावर लिहायचं म्हटलं की आधी हीच रात्र आठवते, कारण यात सगळं आलं. ज्या भीतीने त्याला तीसेक वर्षं सांभाळलं त्याच भीतीमुळे तो तासन्‌तास जमिनीवर पडून राहिला, आणि पुढचा सत्ताधारी कोण हे ठरवायला ना मतदान झालं ना कुठला कायदा उघडून बघितला गेला, चार-पाच माणसांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत ठरवलं.

आपण साधारण असं धरून चालतो की हुकूमशाही म्हणजे एका माणसाची सत्ता. पण एकटा माणूस कुणालाच तुरुंगात टाकू शकत नाही हो. त्यासाठी कुलूप लावणारा लागतो, वॉरंट लिहिणारा लागतो, गाडी चालवणारा लागतो, आणि या सगळ्यांवर देखरेख ठेवणारा एक गुप्तचर प्रमुख लागतो. हुकूमशहा म्हणजे ज्याचं ऐकायचं असं या सगळ्यांनी धरून चाललेलं असतं तो माणूस. का ऐकतात? कारण प्रत्येकाला वाटत असतं की बाकीचे ऐकणार, आणि बाकीचे ऐकत असताना मी एकट्याने नाही म्हटलं तर माझा जीव जाईल. ज्या दिवशी प्रत्येकाला वाटायला लागतं की बाकीचे आता ऐकणार नाहीत, त्या दिवशी तोच माणूस, तीच खुर्ची, तेच रणगाडे, आणि तरी त्याच्या पायाखालची वाळू सरकते. म्हणून हे बदल बाहेरून बघणाऱ्याला अचानक झाल्यासारखे वाटतात. तीस वर्षं काही हलत नाही आणि मग चार दिवसांत सगळं संपतं.

मिलान स्वोलिक नावाच्या राज्यशास्त्रज्ञाने १९४६ ते २००८ या काळातले असे नेते मोजले, ज्यांची सत्ता नियमाबाहेरच्या मार्गाने गेली. ते ३०३ निघाले. त्यातल्या २०५ जणांना त्यांच्याच आतल्या लोकांनी घालवलं, म्हणजे सेनापती, मंत्री, सहकारी. जनतेच्या उठावाने गेले ३२. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्यावरच अडकलो होतो, कारण आपल्या डोळ्यासमोर येतो तो चौकात जमलेला लोकांचा समुद्र, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा खेळ होतो तो बंद दाराआड.

मग कायदा, राज्यघटना वगैरे असते ना तिथे? असते की. तुर्कमेनिस्तानचं उदाहरण घ्या. २१ डिसेंबर २००६ला तिथला सर्वेसर्वा नियाझोव्ह वारला. घटनेत स्वच्छ लिहिलं होतं की राष्ट्राध्यक्ष गेला तर संसदेचा अध्यक्ष हंगामी कारभार बघेल. त्याच दिवशी त्या संसदेच्या अध्यक्षावर, अतायेव्हवर, फौजदारी गुन्हा दाखल झाला आणि बर्दिमुहामेदोव्ह हंगामी अध्यक्ष झाला. घटनेत असंही होतं की हंगामी अध्यक्षाला निवडणूक लढवता येणार नाही, ते काही दिवसांत बदललं, आणि फेब्रुवारीत तो ८९ टक्के मतांनी निवडून आला. २०२२मध्ये त्याने गादी मुलाला दिली. नियम होता, कागद होता, पण तो नियम पाळा म्हणून सांगणारं न्यायालय नव्हतं, पेपर नव्हता, आणि बंदूकवाल्यांपैकी कुणाला त्या नियमासाठी मरायचं नव्हतं. अशा ठिकाणी लोक घटना वाचत बसत नाहीत, ते बघतात अंत्यविधी समितीचा प्रमुख कोण नेमला. सोव्हिएत काळापासूनचा हा सिग्नल आहे, जो अंत्यविधीची व्यवस्था बघतो तोच बहुधा पुढचा. उझबेकिस्तानात २०१६मध्ये करिमोव्ह गेला तेव्हाही तेच झालं, मिर्झियोयेव्ह समितीचा प्रमुख, आणि घटनेप्रमाणे ज्याचा हक्क होता तो सिनेटचा अध्यक्ष स्वतःहून बाजूला झाला.

आता आतली माणसं हे नेमकं करतात कसं ते बघू, कारण इथेच खरी मेख आहे. समजा तुम्ही मंत्री आहात आणि तुम्हाला वाटतं की वरचा माणूस देशाचं वाटोळं करतोय. हे बोलणार कुणाकडे? ज्याच्याकडे बोलाल त्याने नुसतं जाऊन सांगितलं तरी त्याला बक्षीस आणि तुम्हाला गोळी. म्हणून दहापैकी नऊजणांच्या मनात तेच असलं तरी दहाही जण टाळ्या वाजवत बसतात, आणि हे वर्षानुवर्षं चालतं.

स्टालिननंतर चार महिन्यांच्या आतच बेरियाचा नंबर लागला. तो गुप्त पोलिसांचा प्रमुख, प्रत्येकाची फाईल त्याच्याकडे, त्यामुळे बाकीच्यांना त्याची धास्ती. ख्रुश्चेव्ह एकेकाकडे जाऊन चाचपत होता, अगदी जपून, आणि अडचण अशी की क्रेमलिनचे पहारेकरीसुद्धा बेरियाचेच. मग सैन्याकडे वळले. २६ जून १९५३ला बैठक सुरू झाली तेव्हा मार्शल झुकोव्ह आणि काही लष्करी अधिकारी, गाडीतून गुपचूप आत आणलेले, शेजारच्या खोलीत थांबले होते. मालेन्कोव्हने खूण म्हणून बटण दाबलं, ते आत आले, बेरियाला हात वर करायला लावले. मग रात्र होईपर्यंत त्याला तिथेच कोंडून ठेवलं, कारण बाहेर त्याची माणसं होती आणि त्यांना कळलं असतं तर डाव उलटला असता. डिसेंबरात त्याला गोळी घातली. पंधराएक वर्षं लाखो लोकांना ज्याच्या नावाने कापरं भरत होतं त्याची सत्ता संपायला एक खोली, एक बटण आणि दहाबारा माणसं लागली.

चीनमध्ये १९७६ला जवळपास हाच प्लॅन. ९ सप्टेंबरला माओ गेला. त्याची बायको जियांग चिंग आणि तिचे तीन साथीदार म्हणजे 'चौकडी'. हुआ गुओफेंगला माओने पुढे आणलं होतं, पण त्याच्या हातात एकट्याच्या जोरावर काही नव्हतं. त्याने जुना मार्शल ये जियानयिंग आणि नेत्यांच्या सुरक्षारक्षकांचा प्रमुख वांग डोंगशिंग यांना बरोबर घेतलं. ६ ऑक्टोबरच्या रात्री माओच्या निवडक लेखनाचा नवा खंड काढण्यावर बैठक आहे असं सांगून चौकडीतल्या तिघांना बोलावलं आणि एकेक जण आत येईल तसा धरला. जियांग चिंगला तिच्या राहत्या घरी पकडलं. महिनाही झाला नव्हता माओला जाऊन.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. निर्णायक माणूस कोण, तर ज्याच्या हातात त्या क्षणी दाराबाहेरची बंदूकधारी माणसं आहेत तो. म्हणून कुठल्याही अशा देशाची बातमी वाचताना मी मंत्रिमंडळाच्या यादीपेक्षा अंगरक्षकांचा प्रमुख बदलला का ते आधी बघतो. नायजरमध्ये जुलै २०२३ला राष्ट्राध्यक्षाला कोंडलं ते त्याच्याच रक्षकदलाने. तो अध्यक्ष तर निवडून आलेला होता, पण महिन्याभराने गॅबनमध्ये बोंगो घराण्याची पन्नासहून जास्त वर्षांची सत्ता गेली तीसुद्धा अशीच, रक्षकदलाच्या प्रमुखाच्या हातून.

लष्करी बंडात पहिल्यांदा टीव्ही स्टेशन का ताब्यात घेतात हा प्रश्न मला लहानपणी पडायचा, वाटायचं जनतेला सांगायला. मुख्य ऐकणारे वेगळेच असतात. लांब कुठल्या तरी छावणीत बसलेला कर्नल ऐकत असतो, त्याला आपल्याच सैन्यावर गोळ्या झाडायच्या नसतात, हरणाऱ्याच्या बाजूला तर अजिबात राहायचं नसतं, त्यामुळे तो हवेचा रोख बघत कुंपणावर बसलेला असतो. टीव्हीवर गणवेशातला अधिकारी शांत आवाजात बोलताना दिसला की तो समजतो, झालं, यांचं जमलं, आणि तो त्यांच्या बाजूला गेला म्हणून खरंच जमतं. झिंबाब्वेत १५ नोव्हेंबर २०१७च्या पहाटे सरकारी टीव्हीवर मेजर जनरल सिबुसिसो मोयो आले आणि म्हणाले की हा लष्करी ताबा नाही. सहा दिवसांनी राष्ट्राध्यक्ष मुगाबेचा राजीनामा, ३७ वर्षांनंतर. उलट मॉस्कोत १९ ऑगस्ट १९९१ला बंडवाल्यांनी सोव्हिएत राष्ट्राध्यक्ष गोर्बाचेव्हला क्रिमियातल्या बंगल्यात फोन तोडून अडकवलं, रणगाडे आणले, आणि संध्याकाळी पत्रकार परिषद घेतली तर त्यांचा म्होरक्या यानायेव्ह याचे हात थरथरताना सगळ्या देशाने बघितले, रात्रीच्या बातम्यांत रणगाड्यावर उभा, बंडाला विरोध करणारा रशियाचा अध्यक्ष येल्त्सिनही दिसला. कुंपणावरचे सगळे तिथूनच मागे सरकले. तीन दिवसांत बंड खलास.

या सगळ्यावर उपाय म्हणून हुकूमशहाने जिवंतपणी वारस जाहीर का करू नये? तिथेच तर घोडं अडतं. वारस जाहीर केला की लोक उगवत्या सूर्याकडे वळतात, वारसाला वाट बघवत नाही, आणि म्हाताऱ्याला रात्री झोप लागत नाही. जाहीर नाही केला तर मेल्यावर मारामारी, आणि ती होणार हे माहीत असलेले लोक आधीच आपापली टोळी बांधायला लागतात. माओने लिन बियाओला वारस केलं, साधंसुधं नाही, १९६९ला पक्षाच्या घटनेतच त्याचं नाव घातलं. १३ सप्टेंबर १९७१ला लिन बियाओ बायको-मुलासकट विमानाने पळून जाताना मंगोलियात विमान कोसळून मेला. त्याच्या आधी ज्याला सगळे वारस समजत होते तो लिऊ शाओची, देशाचा अध्यक्ष, १९६९ला कैदेत उपचारांवाचून गेला.

म्हणून बरेच जण मुलाकडे वळतात. मुलाला घाई कमी असते कारण गादी आपल्याकडेच येणार हे त्याला ठाऊक असतं, आणि भोवतालच्या लोकांनाही बरं वाटतं कारण घर तेच राहिलं तर आपलीही जागा राहील. सीरियात हाफेज असदने थोरला मुलगा बासिल तयार केला होता, तो १९९४ला गाडीच्या अपघातात गेला, मग लंडनमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेणाऱ्या बशरला परत बोलावलं. १० जून २००० रोजी हाफेज वारला. घटनेप्रमाणे अध्यक्ष किमान ४० वर्षांचा हवा, बशर ३४चा. त्याच दिवशी संसदेने ४०चे ३४ केले. उत्तर कोरियात तर तिसरी पिढी आहे, आणि तिथेही किम जोंग उनने २०१३ला आपल्या आत्याच्या नवऱ्याला, जांग सोंग थेकला, भरबैठकीतून उचलून नेऊन मारलं, म्हणजे घराण्यातसुद्धा विश्वास असा नाहीच.

दुसरा रस्ता पक्षाचा. मेक्सिकोत एकाच पक्षाची सत्ता ७१ वर्षं होती, २०००पर्यंत, पण त्यातली बरीच दशकं राष्ट्राध्यक्ष सहा वर्षांनी ठरल्याप्रमाणे घरी जायचा, पुन्हा उभं राहता यायचं नाही, आणि जाताना पुढचा कोण ते बोट दाखवून सांगायचा. तिथले लोक त्याला 'देदासो' म्हणतात, देदो म्हणजे बोट. मला हे टिकाऊ का वाटतं तर ज्याला संधी मिळाली नाही तो म्हणतो, ठीक आहे, सहा वर्षं थांबू, बंड कशाला करायचं. चीननेही माओच्या काळातल्या जखमांनंतर १९८२च्या घटनेत राष्ट्राध्यक्षपदाला दोन टर्मची मर्यादा घातली, जियांग झेमिननंतर हू जिंताओ, हूनंतर शी जिनपिंग असा क्रम शांतपणे पार पडला. मार्च २०१८ला ती मर्यादा काढली, बाजूने २९५८ मतं, विरोधात २. मला हे फार चिंतेचं वाटतं, चीनवर रागापोटी नाही, तर एवढ्या प्रचंड देशात पुढचा कोण आणि कधी या प्रश्नाला जे थोडंफार उत्तर होतं तेही गेलं म्हणून.

मग रस्त्यावरची माणसं? ती ३२ची संख्या बघून जनतेला काही किंमतच नाही असं समजू नका. गर्दी खुर्ची ओढून काढत नाही हे खरं, पण गर्दी सैनिकाला असा प्रश्न विचारते की ज्याला उत्तर टाळता येत नाही, तू आमच्यावर गोळी झाडणार का? २१ डिसेंबर १९८९ला बुखारेस्टमध्ये रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू बाल्कनीतून भाषण करत होता, टीव्हीवर लाइव्ह, आणि गर्दीतून ओरडा सुरू झाला. त्याचा हात वर तसाच राहिला, चेहऱ्यावर गोंधळ, तोंडाने नुसतं हॅलो हॅलो. तो चेहरा सगळ्या देशाने बघितला. दुसऱ्या दिवशी सैन्य फिरलं, तो हेलिकॉप्टरने पळाला, २५ तारखेला नवरा-बायको दोघांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये साधारण ७०,००० लोक बाहेर पडले, पोलीस तयार होते, हॉस्पिटलात रक्ताच्या बाटल्या जमवल्याची चर्चा होती, आणि गोळी सुटली नाही. आणि त्याच वर्षी बीजिंगमध्ये निदर्शकांवर सुटली. ३८व्या आर्मीचा कमांडर शू चिनशियानने हुकूम मानायला नकार दिला, त्याला पाच वर्षांची कैद झाली, पण त्याच्या जागी दुसरे मानणारे मिळाले. एवढाच फरक असतो आणि त्या फरकात किती माणसं जातात.

हे सैन्य फिरू नये म्हणून हुकूमशहा एक युक्ती करतात, सैन्याला तोलायला दुसरं सैन्य उभं करायचं. सुदानचा हुकूमशहा बशीर याने २०१३ला आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस) नावाचं दल बांधलं, आपल्या संरक्षणासाठी. २०१९ला लोक रस्त्यावर आले तेव्हा दोन्ही सैन्यांनी मिळून बशीरलाच घालवलं, आणि १५ एप्रिल २०२३ला ती दोन सैन्यं एकमेकांवर तुटून पडली. खार्तुमसारखं शहर उद्ध्वस्त झालं, लाखो लोक घरं सोडून पळाले. ज्याने हे दल उभं केलं त्याची खुर्ची जाऊन चार वर्षं झाली होती, आणि तरी त्याची किंमत ते लोक मोजत होते.

शेवटचा मुद्दा, जो मला स्वतःला अजून सुटलेला नाही. हरणाऱ्याचं काय होतं? बेरियाला गोळी. १९५७ला मोलोटोव्ह, मालेन्कोव्ह वगैरे जुन्या नेत्यांनी तोवर सत्तेवर आलेल्या ख्रुश्चेव्हला काढायचा प्रयत्न केला, फसला, तेव्हा मोलोटोव्हला मंगोलियात राजदूत केलं आणि मालेन्कोव्हला कझाकस्तानात वीजकेंद्रावर पाठवलं. १९६४ला ख्रुश्चेव्ह काळ्या समुद्रावर सुट्टीवर असताना त्याला बोलावून घेतलं आणि हटवलं, त्याला पेन्शन मिळाली, घर मिळालं. अकरा वर्षांत हरण्याची शिक्षा मृत्यूवरून पेन्शनवर आली, आणि ती आली म्हणूनच कुणाला रणगाडे काढावेसे वाटले नाहीत. हे एका बाजूने चांगलंच. पण ज्याने हजारोंना मारलं त्यालाही पेन्शन द्यायची का? चिलीत हुकूमशहा पिनोशे सत्तेवर राहावा का यावरचं १९८८चं सार्वमत हरला, त्याच रात्री हवाईदलाचा प्रमुख मात्तेई पत्रकारांसमोर 'नाही' जिंकल्याचं बोलून गेला, १९९०ला पिनोशेने अध्यक्षपद सोडलं, पण सेनाप्रमुखपद १९९८पर्यंत स्वतःकडेच ठेवलं. तेवढी किंमत देऊन तो गेला, आणि ज्यांची मुलं बेपत्ता झाली त्या आयांना ती किंमत द्यायला कुणी विचारलं नव्हतं. लायबेरियाचा चार्ल्स टेलर २००३ला नायजेरियात आश्रय मिळतोय म्हणून गेला, २००६ला त्याला ताब्यात दिलं, पुढे ५० वर्षांची शिक्षा. न्याय झाला, मला आनंदच आहे. आणि त्याच वेळी जगातल्या बाकीच्या हुकूमशहांनी ते बघितलं आणि ठरवलं की आपण काही झालं तरी हलायचं नाही, हेही मला तेवढंच खरं वाटतं.

बशर असद हलला नाही. २०११ला लोक बाहेर पडले तेव्हा त्याने गोळ्या घातल्या, रशिया आणि इराणच्या मदतीने तेरा वर्षं लढला, लाखो माणसं मेली. मग नोव्हेंबर २०२४च्या शेवटी बंडखोर निघाले, अलेप्पो पडलं, हमा पडलं, आणि त्याचं सैन्य लढेचना, सैनिक गणवेश रस्त्यात टाकून घरी गेले. त्याला वाचवणारे आपापल्या युद्धांत अडकले होते. ८ डिसेंबरला तो विमानाने मॉस्कोला निघून गेला. बातम्यांत त्याचे महाल दाखवत होते, पण त्याच दिवशी दमास्कसबाहेरच्या सेदनाया तुरुंगाकडे माणसांची रीघ लागली होती. लोक मोबाईलच्या उजेडात कोठड्यांतून फिरत होते, जमिनीवर पसरलेली कागदपत्रं उचलून त्यात नावं शोधत होते, भावाचं, नवऱ्याचं, मुलाचं.